येशूच्या पुनरुत्थानाचे पुरावे: संशयवादी नेमकं कुठे बोट ठेवतात

ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आणि तुमचा विश्वासही फोल, अशा अर्थाचं ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं होतं. म्हणजे पुनरुत्थान, अर्थात मेलेला येशू पुन्हा जिवंत होणं, हा ख्रिस्ती धर्मातल्या अनेक चमत्कारांपैकी एक नाही, बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

आज जे तयारीने वाद घालतात ते समर्थक 'बायबलमध्ये लिहिलंय म्हणून' असं म्हणत नाहीत. ते इतिहासाच्या भाषेत बोलतात. अमेरिकन अभ्यासक गॅरी हॅबरमास यांनी 'किमान तथ्यं' नावाची पद्धत रूढ केली. श्रद्धा नसलेले धरून बहुतेक अभ्यासक ज्या मोजक्या गोष्टी मान्य करतात तेवढ्याच घ्यायच्या, असं ती सांगते. येशूला वधस्तंभावर मारलं. नंतर तो जिवंत दिसल्याची शिष्यांची खात्री झाली. मंडळीचा छळ करणारा पौल अनुयायी झाला. येशूचा भाऊ याकोब आधी मानत नव्हता, तोही झाला. बरेच जण यात रिकाम्या कबरेची भर घालतात. मग प्रश्न येतो: या सगळ्याचा एका दमात उलगडा कशाने होतो? भ्रमाने कबर रिकामी होत नाही आणि प्रेत चोरल्याने पौलाला दर्शन होत नाही. उरतं ते पुनरुत्थान.

मांडणी चांगली बांधलेली आहे. 'हे सगळं थोतांड' म्हटल्याने तिला उत्तर मिळत नाही. उत्तर द्यायचं तर दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. यादीतली प्रत्येक गोष्ट किती भक्कम आहे हा पहिला. ती सगळी मान्य केली तरी निष्कर्ष निघतो का, हा दुसरा. 'मग त्या रविवारी नक्की काय झालं ते तुम्ही सांगा' हे तिसरं काम संशयवाद्याने अंगावर घ्यायचं कारण नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, एकाच बाजूने नोंदलेल्या घटनेचा तपशील आता कुणालाच मिळणार नाही. तरी अनेक जण हौसेने स्वतःची एक कथा रचतात आणि मग त्या कथेतली भोकं बुजवत बसतात. समर्थकांना हेच हवं असतं.

कागदपत्रं काय म्हणतात

येशूचा मृत्यू साधारण इ.स. ३० ते ३३ मधला. पुनरुत्थानाचा तपशीलवार असा सर्वांत जुना लेखी उल्लेख पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, म्हणजे सुमारे ५३ ते ५५ मध्ये सापडतो. पंधराव्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. तो केफाला म्हणजे प्रमुख शिष्य पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि सर्वांत शेवटी मला. हे मला मिळालं तसंच मी तुम्हाला दिलं, असंही तो म्हणतो. म्हणजे यादीचा गाभा पत्राहून जुना आहे. बरेच अश्रद्ध अभ्यासकसुद्धा तो मृत्यूनंतरच्या काही वर्षांतला मानतात. 'ही गोष्ट शेकडो वर्षांनी रचली' हा आक्षेप इथेच मरतो, तो काढूच नये.

पण यादीत काय नाही तेही पाहावं. स्थळ नाही, वेळ नाही, स्त्रिया नाहीत, रिकामी कबर नाही. जखमांना हात लावणं नाही, मासा खाणं नाही. आणि पौल स्वतःचा अनुभव त्याच रांगेत, कसलाही भेद न करता बसवतो. हा माणूस येशूच्या हयातीत त्याला भेटल्याचं कुठेच सांगत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथानुसार दमिष्काच्या वाटेवर त्याला प्रकाश दिसला आणि आवाज ऐकू आला. हा प्रसंग तिथे तीनदा येतो. नवव्या अध्यायात सोबत्यांना आवाज ऐकू येतो पण दिसत कुणी नाही. बाविसाव्यात त्यांना प्रकाश दिसतो, पण आवाज ऐकू येत नाही. पौलाचा अनुभव असा असेल, तर त्याच रांगेतले इतरांचे अनुभव हाडामांसाच्या भेटीचे होते असं आपण कशावरून धरायचं?

शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, त्यानंतरची. मार्क सुमारे ७०, मत्तय आणि लूक साधारण ८० ते ९०, योहान ९० ते १००. चारही ग्रंथांत लेखक स्वतःचं नाव सांगत नाही. आज आपण वापरतो ती नावं दुसऱ्या शतकात चिकटली. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा मजकूर समोर ठेवून, कितीतरी ठिकाणी शब्दशः उचलून लिहिलं, यावर बहुसंख्य अभ्यासकांचं एकमत आहे. तेव्हा 'चार स्वतंत्र साक्षीदार' ही मोजणी चुकीची आहे.

यातून संशयवाद्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा निघतो. मार्कच्या सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती चौथ्या शतकातल्या आहेत, त्यांना सिनाई आणि व्हॅटिकन कोडेक्स म्हणतात. त्यांत हे शुभवर्तमान १६व्या अध्यायाच्या ८व्या ओवीवर थांबतं. स्त्रिया कबरेपाशी जातात, पांढऱ्या झग्यातला तरुण त्यांना निरोप देतो, त्या घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. बस्स. उठलेला येशू कुणालाही दिसत नाही. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडलेल्या आहेत, हे ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. आता गंमत पाहा. जिथपर्यंत मार्कचा मजकूर हाताशी आहे तिथपर्यंत मत्तय आणि लूक बऱ्यापैकी जुळतात. तो संपताच दोघांच्या वाटा फुटतात. मत्तयात शिष्य गालीलात जातात आणि तिथल्या डोंगरावर त्यांना येशू भेटतो. लूकात सगळं यरुशलेममध्ये आणि आसपास घडतं, वर शिष्यांना शहर सोडू नका असं बजावलं जातं. दोघांपुढे एकाच घटनेची ठाम आठवण असती तर मार्क गप्प झाल्यावरही त्यांच्यात मेळ दिसायला हवा होता.

कबरेपाशी देवदूत एक होता की दोन, स्त्रिया दोन होत्या की तीन, यावर मात्र फार वेळ घालवू नये. खऱ्या साक्षीदारांतही एवढा फरक पडतो आणि समर्थकांकडे याचं उत्तर तयार असतं. कथा कशी वाढत गेली ते दाखवणं जास्त उपयोगाचं. पौलाकडे फक्त यादी. मार्ककडे कबर आहे, दर्शन नाही. मत्तयात भूकंप, पहारेकरी आणि कबरींतून उठून शहरात फिरणारे मृत संत. ही संतांची घटना दुसऱ्या कुठल्याही शुभवर्तमानात नाही, पौलाकडे नाही, योसेफस या ज्यू इतिहासकाराकडेही नाही. लूकात येशू मासा खातो, योहानात थोमाला जखमेत बोट घालायला सांगतो. ही वाढ अगदी सरळ रेषेत नाही, कारण योहानात भूकंपही नाही आणि पहाराही नाही. पण अंगाला हात लावून खात्री पटवणारे प्रसंग उशिराच्या ग्रंथांत येतात, हे उघड आहे.

कबर रिकामी होती का

रोमन सत्ता वधस्तंभावरचं प्रेत अनेकदा तसंच लटकत ठेवत असे, ती शिक्षेचाच भाग होती. त्यावरून काही संशयवादी म्हणतात की येशूला कबर मिळालीच नसावी. हा मुद्दा जपून वापरावा लागतो. १९६८ मध्ये यरुशलेमच्या उत्तरेला गिवात हामिवतार इथे येहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली. त्याच्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा अजून अडकलेला होता. म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या निदान एका माणसाचं रीतसर दफन झालं होतं. ज्यू लोक अशी प्रेतं सूर्यास्तापूर्वी उतरवून पुरतात, असं योसेफसही लिहितो. 'दफन अशक्य होतं' म्हणणाऱ्याचं तोंड एवढ्यानेच बंद होतं. इतकंच म्हणता येतं की अरिमथाईच्या योसेफाने येशूला कबरेत ठेवल्याची कथा आपल्याला प्रथम मार्ककडून, घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी कळते.

समर्थकांचा आवडता मुद्दा स्त्रियांचा. त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला किंमत नव्हती, त्यामुळे कुणी कथा रचली असती तर पुरुषांना कबरेपाशी पाठवलं असतं. स्त्रियांची साक्ष घेऊ नये, असं योसेफसने लिहिलंय हे खरं आहे, पण ते न्यायालयापुरतं. मार्क खटला चालवत नाही. प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला स्त्रिया जाणं कथेत सहज बसतं. मार्कच्या सांगण्यानुसार पुरुष शिष्य तर अटकेच्या वेळीच पळाले होते, मग पाठवणार कुणाला? शिवाय त्याच्या सबंध ग्रंथात मोठ्यांना कळत नाही ते किरकोळ माणसांना कळतं. आणि 'त्यांनी कुणाला सांगितलं नाही' हा शेवट आणखी एक काम करतो. ही कबरेची गोष्ट आजवर आमच्या कानांवर कशी आली नाही, असं विचारणाऱ्या वाचकाला त्यातच उत्तर मिळतं.

'मग विरोधकांनी प्रेत काढून का दाखवलं नाही?' कृत्यांच्या ग्रंथानुसार जाहीर उपदेश सुरू झाला तो पेंटेकॉस्ट या ज्यू सणाच्या दिवशी, म्हणजे सुमारे पन्नास दिवसांनी. तोवर प्रेताचा चेहरा ओळखण्यासारखा राहत नाही. शिवाय त्या टप्प्यावर कुणी तपासणी करायला गेलं होतं, असं कुठलाच स्रोत सांगत नाही. पहारेकऱ्यांची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयात आहे. शिष्यांनी प्रेत चोरलं ही बोलवा ज्यूंमध्ये आजपर्यंत चालू आहे, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे त्याच्या काळातल्या एका आरोपाला दिलेलं ते उत्तर आहे. त्यावरून 'विरोधकांनाही कबर रिकामी असल्याचं मान्य होतं' असं म्हणणं फार ताणलेलं आहे. पन्नासेक वर्षांनी दोन्ही बाजू फिरत असलेल्या कथेवर भांडत होत्या, जागेच्या पंचनाम्यावर नाही.

सुमारे तीन-चतुर्थांश अभ्यासक रिकामी कबर मान्य करतात, हा हॅबरमास यांचा आकडा वारंवार ऐकू येतो. तो या विषयावर लेखन करणाऱ्यांच्या मतांवरून काढलेला आहे. पुनरुत्थानावर लिहिणाऱ्यांत श्रद्धावंत आणि धर्मशास्त्राचे प्राध्यापक साहजिकच जास्त. आकडा खरा धरला तरी त्यातून लिहिणारे कोण हे कळतं, कबरेविषयी काही कळत नाही.

दर्शनांचं काय

शिष्यांना खरोखर काहीतरी अनुभव आले हे मान्य करायला संशयवाद्याने कचरू नये. १९७१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना मृत जोडीदाराचा कसला ना कसला अनुभव आला होता. बहुतेकांना जवळ कुणीतरी असल्याचा भास होई, पण सुमारे १४ टक्क्यांना जोडीदार चक्क दिसला होता. ही वेडी माणसं नव्हती. ज्याच्यासाठी घरदार सोडलं त्या गुरूला ऐनवेळी नाकारणारा पेत्र अशा अनुभवाला किती पात्र होता, हे वेगळं सांगायला नको.

समर्थक लगेच म्हणतील, भ्रम एकट्याला होतो, बारा जणांना एकदम होत नाही. हा आक्षेप रास्त आहे. 'सामूहिक भ्रम' असं तोंडावर फेकून संशयवाद्याची सुटका होत नाही, कारण अनेकांना एकाच वेळी तपशिलासह एकच आकृती दिसते याला मानसशास्त्रात फारसा आधार नाही. पण तितकं सिद्ध करायची गरजच नाही. एक-दोघांना तीव्र अनुभव येतो, तो इतरांना सांगितला जातो, अपेक्षा वाढते, मग एकत्र जमल्यावर एखादी धूसर गोष्ट सगळ्यांना 'तोच तो' वाटते आणि पुढे सांगता-सांगता आठवणी एकमेकींशी जुळवून घेतात. मत्तयाच्या शेवटच्या प्रसंगात, येशू समोर उभा असताना, 'काहींना शंका आली' असं वाक्य आजही आहे. सगळ्यांना सारखंच आणि स्पष्ट दिसलं असतं तर ते तिथे नसतं.

पाचशे जणांचं प्रकरण तर अजून सोपं. ती पाचशे लोकांची साक्ष नाही, पाचशे लोकांना दिसलं असं सांगणाऱ्या एका माणसाचं एक वाक्य आहे. नावं नाहीत, जागा नाही, आणि इतक्या मोठ्या घटनेचा चारही शुभवर्तमानांत पत्ता नाही. याच्याशी तुलना करायला एप्रिल १९६८ पासून कैरोतल्या झैतून इथल्या कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या प्राचीन ख्रिस्ती पंथाच्या, चर्चवर दिसलेली प्रकाशमय आकृती घ्या. अनेक महिने हजारोंचा जमाव ती पाहत होता, त्यांत मुसलमानही होते आणि कॉप्टिक चर्चने ती येशूची आई मरिया हिचं दर्शन म्हणून स्वीकारली. हे साक्षीदार आपल्या काळातले, कितीतरी पट जास्त. तरी पुनरुत्थानाचे बहुतेक प्रोटेस्टंट समर्थक ते दर्शन मानत नाहीत. तिथे लावतात तीच चाळणी इथे लावली तर पाचशेंचं काय उरतं, एवढाच प्रश्न.

याकोबाबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे. त्याच्या दर्शनाचा नव्या करारातला उल्लेख पौलाच्या यादीतले दोन-चार शब्द, बस्स. आधी दर्शन झालं आणि मग तो वळला, की आधी मंडळीत आला आणि मग दर्शन झालं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

'खोट्यासाठी कोण मरेल?'

कुणी नाही, आणि संशयवाद्याचाही तसा दावा नसतो. चूक असलेल्या पण मनापासून मानलेल्या गोष्टीसाठी माणसं मरतात. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा: कोण, केव्हा, कसा मेला? बारा शिष्यांपैकी जब्दीचा मुलगा याकोब याला राजा हेरोद अग्रिप्पाने मारल्याची नोंद कृत्यांत आहे. येशूचा भाऊ याकोब इ.स. ६२ मध्ये मारला गेला असं योसेफस सांगतो. पेत्र आणि पौल यांच्याबद्दल पहिल्या शतकाच्या शेवटी मोघम उल्लेख मिळतो. बाकी बहुतेक प्रेषितांच्या हौतात्म्याच्या कथा कितीतरी उशिराच्या आणि एकमेकींत न बसणाऱ्या आहेत. 'पुनरुत्थान नाकार, तुला सोडतो' असा पर्याय त्यांच्यापैकी कुणाला दिला गेला होता, याचा विश्वसनीय पुरावा नाही. तो नसेल तर मरणावरून साक्षीचं वजन ठरत नाही.

मोर्मन पंथाशी तुलना इथे फार नेमकी बसते. सोन्याच्या पत्र्यांवरचा ग्रंथ आपल्याला मिळाला असं सांगणाऱ्या जोसेफ स्मिथला २७ जून १८४४ रोजी अमेरिकेतल्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने ठार केलं. ते पत्रे पाहिल्याची अकरा जणांची नावानिशी साक्ष १८३० पासून छापलेली आहे. त्यांतले तिघे मुख्य साक्षीदार पुढे पंथातून बाहेर पडले, स्मिथशी त्यांचं फाटलं, तरी त्यांनी साक्ष फिरवली नाही. पाचशे अनाम बांधवांपेक्षा हा पुरावा कागदावर कितीतरी सरस आहे.

फसणारी उत्तरं

येशू मेलाच नाही, बेशुद्ध होता आणि थंड कबरेत शुद्धीवर आला, ही कल्पना सोडून द्यावी. योसेफसने आपल्या ओळखीच्या तिघांना वधस्तंभावरून उतरवून घेतलं होतं. वैद्यांचे उपचार मिळूनही दोघे मेले. आणि संशयवादी असलेल्या डेव्हिड श्ट्राउस यांनीच एकोणिसाव्या शतकात विचारलं होतं की अर्धमेला, पट्ट्या बांधलेला माणूस पाहून शिष्यांना मृत्यूवरचा विजय कसा वाटेल? इजिप्तचा देव होरस किंवा रोमन काळातला देव मिथ्र यांच्यावरून कथा उचलली हेही असंच. मिथ्र मेला आणि उठला याचा पुरावाच नाही. येशू झालाच नाही असं म्हणणारा तर सोपा खटला सोडून अवघड खटला लढवायला घेतो.

शेवटी गणित

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४८ मध्ये मांडलेला मुद्दा सर्वांना माहीत असतो: चमत्काराची साक्ष तेव्हाच मानावी जेव्हा ती साक्ष खोटी असणं हे चमत्काराहूनही मोठं आश्चर्य ठरेल. त्याच्या मांडणीत त्रुटी आहेत, कारण ती काटेकोरपणे लावली तर कितीही पुरावा आला तरी चमत्कार मानता येणार नाही. आज हाच वाद शक्यतेच्या गणितातल्या बेझच्या नियमाने घालतात. पुराव्याआधीची शक्यता धरायची, मग पुरावा दोन्ही बाजूंनी किती अपेक्षित होता ते पाहायचं.

तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी २००३ मध्ये असं करून ९७ टक्के हे उत्तर काढलं. आकडे असे: देव आहे याची शक्यता १/२, असल्यास तो मनुष्यरूप घेईल याची १/२, म्हणजे सुरुवात १/४ पासून. तसं असेल तर असा पुरावा मिळण्याची शक्यता १/१०, नसेल तर १/१०००. आता ०.०२५ ला ०.०२५ अधिक ०.०००७५ ने भागा, ९७ टक्के येतात. बाकी आकडे तसेच ठेवा आणि फक्त सुरुवातीचा १/४ बदलून १/१०,००० करा. उत्तर एका टक्क्यावर येतं. म्हणजे इतिहासातल्या पुराव्याने शंभर पट फरक पाडला, पण निकाल ठरला तो १/४ ने. आणि तो आकडा कबरेतून किंवा करिंथच्या पत्रातून येत नाही, देवाविषयीच्या आधीच्या मतातून येतो. तेव्हा या गणितातून निघालेलं पुनरुत्थान पुढे देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

तत्त्वज्ञ दांपत्य टिमथी आणि लिडिया मॅकग्र्यू यांनी २००९ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी आधीच्या शक्यतेला हात लावला नाही, फक्त पुराव्याचं वजन मोजलं, म्हणजे पुनरुत्थान झालं असेल तर तो पुरावा मिळणं, झालं नसेल त्याच्या किती पट अपेक्षित आहे ते पाहिलं, आणि ते १ वर ४४ शून्यं इतकं निघालं. त्यांतली ३९ शून्यं तेरा पुरुष साक्षीदारांची: प्रत्येकाचं वजन १,००० धरून तेरा वेळा गुणाकार. असा गुणाकार चालतो तो साक्षी एकमेकींवर अवलंबून नसतील तेव्हाच. मॅकग्र्यूंनी हा आक्षेप ओळखून त्यावर उत्तरही दिलं आहे, पण एकत्र राहणाऱ्या, एकत्र प्रार्थना करणाऱ्या, एकमेकांचे अनुभव ऐकणाऱ्या गटाला स्वतंत्र धरणं पटत नाही. पहिल्या साक्षीचं वजन १,००० ठेवा आणि पहिलीच्या प्रभावाखाली आलेल्या उरलेल्या बारांचं प्रत्येकी २ धरा. गुणाकार सुमारे ४१ लाखांवर थांबतो. हा २ मी उदाहरणापुरता घेतला आहे, पण १,००० हा आकडाही कुणी मोजून आणलेला नाही. शिवाय त्या तेरा जणांपैकी बहुतेकांनी काय पाहिलं, कुठे पाहिलं, केव्हा पाहिलं याचं त्यांच्या स्वतःच्या तोंडचं एक वाक्यही आपल्यापर्यंत आलेलं नाही. आली आहेत ती फक्त नावं, आणि त्यांच्याही याद्या मत्तय, मार्क आणि लूक यांत पूर्ण जुळत नाहीत.